एकोणीस घरं, चार चुली

समन्वय हा शब्द मी प्रशिक्षण केंद्रात शिकले. आमच्या शिक्षिकेनं फळ्यावर एक गोल काढला, त्यात 'कुटुंब' असं लिहिलं आणि चहूकडून त्या गोलाकडे येणारे बाण काढले. महसूल, आरोग्य, शिक्षण, समाजकल्याण, पंचायत. आम्ही सगळ्या मुलींनी तो गोल पट्टीनं आखून वहीत उतरवला. मी तेवीस वर्षांची होते, खामगावात वाढलेली, आणि माझी अशी पक्की समजूत होती की कचेऱ्या एकमेकींशी बोलत नाहीत म्हणून गरिबांची कामं अडतात. कुणीतरी मध्ये उभं राहून त्यांना बोलतं केलं की संपलं. त्या समजुतीची आज आठवण झाली तरी मला स्वतःच्या दोन थोबाडीत माराव्याशा वाटतात.

महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. पंचायत समित्या नव्या कोऱ्या होत्या, कचेरीतल्या खुर्च्यांना अजून रंगाचा वास येत होता. मी त्या समितीची ग्रामसेविका, म्हणजे गावोगाव जाऊन बायकांच्या बैठका घ्यायच्या, बालवाडी बघायची, दुधाची भुकटी वाटायची. माझ्याकडे वरवट बकालच्या बाजूची सात गावं होती. उत्तरेला सातपुडा दिसायचा आणि गावातल्या विहिरींचं पाणी असं खारट की चहाही नासायचा. त्यातल्याच एका गावात वैशाखाच्या भर दुपारी नदीकाठची वस्ती जळाली.

कुडाच्या झोपड्या, वर तुराट्या आणि गवत. वारा सुटलेला. पाण्याचा पहिला घडा येईपर्यंत एकोणीसच्या एकोणीस घरं बसली. जीव कुणाचा गेला नाही, कारण माणसं कामावर होती आणि पोरं नदीच्या डोहात. मी दुसऱ्या दिवशी पोचले तेव्हा बायका राखेतून भांडी काढत होत्या. सतरा घरं मजुरी करणाऱ्यांची, तीन भावक्यांत विभागलेली, आणि दोन घरं गाद्या भरणाऱ्या पिंजाऱ्यांची. ही सगळी वस्ती गावठाणाबाहेर, नदीच्या पडीक जागेत. त्यामुळे ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या वहीत यातलं एकही घर नव्हतं. कागदाच्या हिशेबानं जळायला तिथं काही नव्हतंच.

शाळेला उन्हाळी सुट्टी होती, म्हणून हेडमास्तरांनी कुरकुरत का होईना शाळा उघडून दिली. एकोणीस घरांची माणसं तीन खोल्यांत आणि एका लांब ओसरीत आली. शाळा आषाढाच्या आधी सुरू होणार, तोवर यांना हक्काची जागा मिळायला हवी, हे सगळ्यांनाच कळत होतं. आमच्या गटविकास अधिकाऱ्यांनी सगळ्या खात्यांची बैठक बोलावली. तहसिलीनं धान्य द्यायचं, पंचायतीनं गावठाणात जागा, आम्ही बांबू आणि बल्ल्या, आरोग्य केंद्रानं टोचण्या आणि दूध, समाजकल्याणनं कपडे. प्रत्येकानं मान डोलावली. मग प्रत्येकानं विचारलं, यादी कुठाय? साहेबांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "बाई, समन्वय तुम्ही करा." मला केवढा आनंद झाला! दुसऱ्या कुणाला ते काम नको होतं, हे मला पुष्कळ नंतर समजलं.

पुढचे तीन आठवडे मी या कचेरीतून त्या कचेरीत नुसती फिरत होते. समाजकल्याणला यादी जातीनिहाय हवी, आरोग्याला वयोगटनिहाय, आमच्या समितीला घरनिहाय. मी तीन याद्या केल्या, प्रत्येकीच्या चार प्रती. पण जागा द्यायची तर तहसिलीचीच यादी लागणार होती, आणि ती पटवाऱ्याच्या पंचनाम्यावरून व्हायची. पटवारी त्यावेळी पुतणीच्या लग्नाला गेला होता. तिथून आला तो आजारी पडला, आणि बरा झाला तर त्याला दुसऱ्या गावी मोजणीला पाठवलं. माझ्या याद्यांना त्याच्या सहीशिवाय काडीची किंमत नव्हती.

तिकडं शाळेत दुसरीच कटकट उभी राहिली. एकोणीस घरांच्या एकोणीस चुली. तीन दगड मांडायचे आणि पेटवायचं. ओसरीच्या भिंती काळ्या झाल्या, नकाशे धुरकटले. हेडमास्तर रोज मला गाठायचे. "बाई, एक तर चुली जातील नाही तर तुमची माणसं जातील." जळण तर कुणाकडेच नव्हतं. कपाशीच्या वर्षभराच्या पऱ्हाट्या रचून ठेवलेल्या, त्याच आधी पेटल्या होत्या. बायका पहाटे उठून लोकांच्या शेतांच्या धुऱ्यांवरून, बांधांवरून काटक्या आणायच्या आणि शिव्या खायच्या.

मग मला सुचलं. आता ते कुणाच्या तरी माथी मारता आलं असतं तर बरं झालं असतं, पण ते मलाच सुचलं. एकत्र रांधायचं. एकोणीस चुलींऐवजी चार. प्रत्येक भावकीची एक, पिंजाऱ्यांची एक. जळण वाचेल, धूर कमी होईल, भाकरी थापायला पाळ्या लावल्या की बाकीच्या बायका मजुरीला जातील. 'सहकार' हा शब्द तेव्हा पाटबंधाऱ्यापासून पिठाच्या गिरणीपर्यंत सगळीकडे लागत होता, तो मी चुलीला लावला. तीन दिवस शाळेच्या पायरीवर बसून मी बायकांचं डोकं खाल्लं. त्या हसल्या, भांडल्या, कुणाच्या भाकरीला मीठ जास्त यावर दोन तास घालवले, आणि शेवटी कबूल झाल्या.

एक सोडून.

ती विधवा होती, तिशीच्या आतबाहेरची. दोन मुली, थोरली बारा-तेरा वर्षांची. बाईचं बोलणं कमी, पण बोलली की समोरच्याला खाली बघायला लावणारी. तिनं आपली चूल ओसरीच्या टोकाला मांडली होती आणि तिथून ती हलेना. मी समजवायला गेले.

"बाकीच्यायनं काय करायचं ते करू द्या, बाई. माह्या चुलीले हात लावू नका."

"काऊन पण?" मी तिच्याच बोलीत विचारलं. माझा हा एक लाडीक प्रकार होता, बायका विरघळतात असं मला वाटायचं.

ती विरघळली नाही. "नवरा मेला तवा दोन वर्सं मी थोरल्या दिराच्या चुलीवर खाल्लं. माह्या पोरीयच्या ताटात काय पडन, थे जाऊ ठरवे. पोरगी सात वर्साची होती, तं दीर तिचं लगन काढून राह्यला होता. मी भांडून येगळी निंगाली. झोपडी मी सोता बांधली, मातीबी सोता वाह्यली. आता चूल एक केली का मी पुन्ना त्याच्या घरची झाली. मंग दीर म्हनन थे पूर्व दिशा."

मी हसले. खरंच हसले. म्हटलं, अगं बाई, महिनाभराचा प्रश्न आहे. जागा मिळाली की तू तुझ्या घरात, तुझी चूल तुझ्या दारात. तुझं नाव माझ्या यादीत वेगळं आहे, हे बघ. मी तिला कागद काढून दाखवला. तिला वाचता येत नव्हतं. तिनं माझ्या बोटाखालच्या अक्षरांकडे बराच वेळ बघितलं.

"इथं माहं नाव हाये?"

"हो. तुझं एकटीचं. दिराचं वेगळं, खाली."

"तुमी म्हनता तं," ती म्हणाली, आणि तिनं आपल्या चुलीचे तीन दगड पायानं बाजूला सारले.

आठवडाभरात शाळेचं रूप पालटलं. साहेब जीपनं येऊन गेले, चार मोठ्या चुली आणि भाकऱ्यांची चवड बघून खूश झाले. मी महिन्याच्या अहवालात एक परिच्छेद लिहिला. तो मला अजून तोंडपाठ आहे, कारण पुढं मला तो मोठ्यानं वाचून दाखवण्यात आला. 'जळीतग्रस्त लोकांनी आपापसांतील भेद विसरून चार सामूहिक चुली सुरू केल्या असून प्रत्येक गट एका कुटुंबाप्रमाणे राहत आहे.' एका कुटुंबाप्रमाणे! काय तो शब्दांचा थाट.

पटवारी आला तो नेमका मी बुलढाण्याला गेले होते त्या दिवशी. तिथं मला या कामाबद्दल चार शब्द बोलायला बोलावलं होतं, आणि मी बोलत होते. परत आले ते दोन दिवसांनी. पंचनामा झाला होता, यादी तहसिलीत पोचली होती. कारकुनानं ती माझ्यापुढे सरकवली तेव्हा मला आधी वाटलं हे पहिलंच पान आहे. मी ते उलटून पाहिलं. मागची बाजू कोरी होती.

कुटुंबं चार. चार कुटुंबप्रमुखांची नावं. तीन भावक्यांतले तीन वडीलधारे, एक पिंजारी.

मी तडक पटवाऱ्याच्या घरी गेले. तो ओट्यावर पान लावत बसला होता. दुष्ट माणूस नव्हता तो. मला बसायला पाट दिला, पाणी दिलं. मी आरडाओरडा केला तो सगळा त्यानं ऐकून घेतला.

"बाई, मी चूल पाह्यतो अन् नाव लिवतो," तो म्हणाला. "वीस वर्सं झाली, हेच करून राह्यलो. माह्या बापानंबी हेच केलं. एका चुलीवर खाते ते एक कुटुंब. चार चुली दिसल्या, चार लिवल्या. घरं तं जळून गेल्ती, मंग मी दुसरं काय मोजाव?"

"माणसांना विचारायचं!"

"इचारलं ना. वडीलधारे पुढं झाले. म्हने हो जी, आमी एकाच चुलीवर खातो. खोटं थोडीच होतं?"

खोटं नव्हतं. मला त्याच्यावर चिडताही येईना. सात गावं मी दीड वर्ष फिरत होते. विभक्त चूल असेल तरच वेगळं रेशनचं कुपन, भाऊ वेगळे झाले म्हणजे चूल वेगळी झाली, हे मी शंभर वेळा ऐकलं होतं. गावातल्या शेंबड्या पोराला कळतं ते मला कळलं नाही. मी जळण वाचवत बसले.

शाळेत जाऊन मी बायकांना सांगितलं, आत्ताच्या आत्ता पुन्हा एकोणीस चुली मांडा. त्यांनी मांडल्या. तिनंही मांडली, त्याच कोपऱ्यात. फक्त एकदा विचारलं, "त्या कागदावर माहं नाव अजून हाये नं?" मी हो म्हटलं. माझ्या कागदावर होतंच.

मी फेरतपासणीचा अर्ज केला. तो घेऊन मी तहसिलीचे उंबरे झिजवले. मतदारांची यादी आणली, तर तिच्यात सगळी वस्ती 'नदीकाठ' या एकाच शब्दाखाली, घर नंबर नाहीत. सरपंचाकडे गेले, की तुम्ही तरी लिहून द्या एकोणीस घरं होती म्हणून. त्यानं चहा पाजला आणि म्हणाला, तहसिलीनं चार म्हटलं तर पंचायत कोण एकोणीस म्हणणारी? एकोणीसऐवजी चार जागा द्यायच्या यात त्याला कसलं दुःख असणार! आमच्या समितीनं बांबू चार घरांचे मंजूर करून टाकले. आरोग्याच्या माणसानं मला समजावलं की दूध सगळ्या पोरांना मिळतंच आहे, तुम्ही एवढ्या कशाला तापता.

शेवटी नायब तहसीलदारांनी मला बोलावलं. बरेच सभ्य गृहस्थ. माझा अर्ज त्यांनी पूर्ण वाचला होता. ते म्हणाले, "जागा मिळणार म्हटल्यावर लोक चुली वाढवतात, बाई. हे आम्हाला नवीन नाही. पंचनाम्याच्या दिवशी चार होत्या की नाही?"

"होत्या. पण त्या मी करायला लावल्या होत्या."

"असं तुम्ही आता म्हणता." त्यांनी फाईलमधून एक कागद काढला. माझा मासिक अहवाल होता. माझ्याच साहेबांनी माहितीसाठी पाठवलेली प्रत. त्यांनी तो परिच्छेद वाचला, चष्मा वर करून, एकेक शब्द सुटा करत. 'आपापसांतील भेद विसरून.' 'एका कुटुंबाप्रमाणे.' "सही तुमचीच ना?"

दोन खात्यांच्या कागदांचा मेळ बसलेला मी माझ्या नोकरीत तो पहिल्यांदा पाहिला. मला रडू आलं, आणि रडू आलं याचाच मला जास्त संताप आला. त्यांनी शिपायाला पाणी आणायला सांगितलं.

शाळा सुरू व्हायच्या चार दिवस आधी हेडमास्तरांनी भिंतींना चुना मारून घेतला. गावठाणाच्या कडेला चार जागा आखून दिल्या होत्या. एकेका जागेत एकेक भावकी कोंबली गेली. काहींनी पुन्हा नदीकाठी पाल ठोकलं, तर पंचायतीनं दोन दिवसांत ते उठवलं, कारण आता त्यांना रीतसर जागा 'मिळालेली' होती. दोन घरं जळगाव जामोदला जिनिंगच्या आवारात राहायला गेली. पिंजारी दोघं मेहुणे होते, त्यांनी आपली जागा मधोमध कूड घालून वाटून घेतली आणि माझ्याकडे कधी तक्रार केली नाही. ती मात्र दोन मुलींना घेऊन दिराच्या जागेत गेली, मागच्या बाजूला, बल्लीला टेकवलेल्या एका पडवीखाली. चूल जाऊची.

पंधरा दिवस मी त्या गावाला जायचं टाळलं. बाकीची सहा गावं मी अगदी मन लावून फिरले. मग बालवाडीच्या एका मुलीकडून कळलं की त्या विधवेच्या थोरलीचं लग्न दिरानं ठरवलंय. मुलगा बिजवर, डोणगावकडचा. डोणगाव म्हणजे आमच्या जिल्ह्याचं दुसरं टोक. तीन एसट्या बदलून जायचं. पोरगी एकदा गेली की आईला सणावारीसुद्धा दिसायची नाही.

मी धावत गेले. ती नदीवर धुणं धूत होती. मी म्हटलं, हे कायद्यात बसत नाही, मुलगी लहान आहे, मी पोलीस ठाण्यात जाते. तू फक्त तक्रार दे, अंगठा दे, बाकी सगळं मी बघते.

तिनं पिळा तसाच धरून ठेवला. "अंगठा दिला, तं संध्याकाळी मी कोठी जाऊ?"

"माझ्या खोलीवर ये."

"कितीक दिवस?"

माझी खोली भाड्याची, आठ बाय दहाची, घरमालक सोवळा. शिवाय बदलीचा भरवसा नाही.

"माहं घर असतं नं बाई," ती म्हणाली, "तं मी दिराले दारातबी उभं केलं नसतं." एवढंच. रागानं नाही, शिवी नाही. शिवी दिली असती तर मी ती जपून ठेवली असती.

तरी मी पोलीस ठाण्यात गेले. जमादारानं विचारलं, तक्रार कुणाची? मी म्हटलं माझी. तुम्ही मुलीच्या कोण? कुणी नाही. कुटुंबप्रमुखाला काही हरकत? त्याच्यापाशी तहसिलीच्या यादीतलं नाव होतं, शिक्क्यानिशी. कुटुंबप्रमुख, तिचा थोरला दीर. हरकत काहीच नव्हती.

शेवटच्या मुहूर्ताला लग्न लागलं. मला अक्षता द्यायला दीर स्वतः आला, नवं धोतर नेसून, आणि अगत्यानं म्हणाला, यावंच लागते बाई. का गेले ते मला आजही नीट सांगता येत नाही. न जाणं जास्त सोपं झालं असतं आणि सोपं काही करायचा मला हक्क नाही, असं काहीतरी डोक्यात असावं. मांडव नव्या जागेत होता, आमच्या समितीच्या बांबूंचा. मुलीला साडी पेलत नव्हती, दोन बायकांनी तिला दोन्हीकडून धरलं होतं.

पंगतीत मला पहिल्या पाटावर बसवलं. बिदागी घेणाऱ्या भटजींच्याही वर. दीर वाढप्यामागोमाग फिरत माझ्यापाशी थांबला आणि पाहुण्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "ह्या आमच्या बाई. धाकट्याचं बिऱ्हाड येगळं झालतं. पाच-सहा वर्सं तोंड पाह्यत नोतो आमी. बाईच्यानं घर पुन्ना एक झालं." डोणगावकडच्या पाहुण्यांनी माझ्याकडे बघून हात जोडले.

ती मांडवाबाहेर, पाण्याच्या रांजणाजवळ होती. विधवा म्हणून तिला आत यायचं नव्हतं. तिनं ते बोलणं ऐकलं हे मला नक्की माहीत आहे, कारण तिचा पाणी काढायचा हात थांबला. मग तिनं तांब्या भरला आणि वाढणाऱ्या मुलीच्या हातात दिला, माझ्याकडे पाठ करून.

दीर उभाच होता. "बाई, लाजू नका, जेवा," म्हणत त्यानं आग्रहानं माझ्या पानात बुंदी वाढली. मी हात जोडून उठायला हवं होतं. मी खाली मान घालून जेवले, पान स्वच्छ होईपर्यंत.